माझ्या यादीतलं घरचं नाव

त्या उन्हाळ्यात शाळा बंद होत्या. आम्हा मास्तर लोकांना शिकवायला पोरं नव्हती, म्हणून सरकारनं फोन करायला बसवलं. नेरला एका मंगल कार्यालयाचा हॉल घेतला होता. नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या, आणि आम्ही आठ जण पंगतीच्या टेबलांवर. ज्यांना कोरोना झालाय पण घरीच ठेवलंय, अशांची वॉर्डाप्रमाणे यादी प्रत्येकाकडे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा फोन करायचा. ताप किती, ऑक्सिजन किती, दम लागतो का, ते विचारून रकान्यात भरायचं.

मी हे काम चांगलं करत होतो. कोणी "बरं हाय सर" म्हणून फोन ठेवायला लागला की मी ठेवू देत नसे. "नुसतं बरं हाय म्हणू नका. मशीन बोटाले लावा, मी थांबतो," असं खडसावायचो. एका आजीबाईंना खोलीत सहा मिनिटं चालायला लावून पुन्हा मोजायला लावलं, आकडा घसरला आणि मी गाडी पाठवायला लावली. त्यांचा मुलगा नंतर फोनवर रडला. पुढचे दोन दिवस मी हॉलमध्ये छाती काढून हिंडत होतो.

मग बाबांना ताप आला.

घरात आम्ही दोघंच होतो. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि बायको मुलीला घेऊन महागावला माहेरी गेली होती ती तिकडेच अडकली. बाबांची टेस्ट पॉझिटिव्ह आली, माझी निगेटिव्ह. तरी मी त्याच दिवशी कळवून घरी बसायला हवं होतं. नियम तोच होता, सुट्टीही मिळाली असती. मी कळवलंच नाही. बाबांना मात्र सांगितलं, "ड्युटी रद्द होत नाही म्हणते."

हे धडधडीत खोटं होतं. मला घरात थांबायची भीती वाटत होती. रोज यादीतल्या गेलेल्या एक-दोघांची नावं मीच माझ्या पेनानं खोडत होतो. बाबांचा खोकला ऐकू आला की माझा हात आपसूक मास्ककडे जायचा. त्यापेक्षा तो हॉल बरा वाटायचा. लोकांना वाटत होतं, बिचारा कामावर जातो. मी पळून जात होतो. आणि जाऊन बसत कुठं होतो, तर सात धडधाकट माणसांच्या मध्ये. त्यांतले दोघं पुढे आजारी पडले, बरेही झाले. माझ्यामुळे की आणखी कोणामुळे, हे मी कधी कोणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवी यादी आली. आमचा वॉर्ड माझ्याकडेच होता, त्यामुळे बाबांचं नाव माझ्याच कागदावर. आमचं आडनाव गावात गल्लोगल्ली सापडतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. जेवायला घरी गेलो तेव्हा दारातूनच मी हसत सांगितलं, "बाबा, तुमचं नाव माह्याच यादीत आलं."

"मंग तूच करशीन काय फोन?" त्यांनी आतून विचारलं. त्यांना आनंद झाला होता. तेव्हा मला ते कळलं नाही.

हॉलमधून त्यांना फोन लावायचा तर शेजारचे ऐकणार. तोंडातून एकदा "बाबा" निघालं की बिंग फुटणार आणि माझी रवानगी घरी होणार. शिवाय घरी तर मी त्यांना पाहतोच, अशी मी स्वतःची समजूत घातली. सकाळी निघताना विचारलं होतं तेव्हा ते सत्त्याण्णव म्हणाले होते. तोच आकडा लिहिला. संध्याकाळच्या रकान्यातही सत्त्याण्णव. तिसऱ्या दिवशी शहाण्णव, खरं वाटावं म्हणून.

बाबा तहसीलमध्ये अव्वल कारकून होते. गारपिटीचे पंचनामे खुर्चीत बसून भरणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते स्वतः शेतात जात आणि डोळ्यानं पाहिल्याशिवाय आकडा लिहीत नसत. अशा माणसाच्या तब्येतीचा पंचनामा मी खुर्चीत बसून भरत होतो.

त्या पहिल्या संध्याकाळी घरी आलो तर आतून आवाज आला, "आज तुहा फोन नाही आला?"

"तुम्हाले घरी पाह्यतोच ना बाबा. तिथं लय लोकं असते यादीत."

"हो. तेही खरंच हाय."

पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. मी ताट स्टुलावर ठेवायचो, दार वाजवायचो आणि पाच पावलं मागे सरकायचो. डॉक्टरांनी कूलर लावू नका म्हणून बजावलं होतं. आमच्याकडच्या वैशाखात, बंद खोलीत, पंख्याच्या गरम वाऱ्याखाली ते दिवसभर काय करत असतील, याचा विचारही मी टाळायचो. "कसं वाटते?" "बरं हाय, तू जाय." की मी निघालो. यादीतल्या दुसऱ्या कोणाचंही "बरं हाय" मी असं सोडलं नसतं.

पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टरबाई माझ्या टेबलापाशी आल्या. आमच्या कामावर त्यांची देखरेख होती. अधूनमधून यादीतल्या कोणालाही स्वतः फोन लावून त्या खात्री करून घेत. त्यांनी बाबांच्या नावावर बोट ठेवलं.

"सर, या आजोबांना तुम्ही सकाळी फोन केला होता?"

मी हो म्हटलं.

"मी आत्ताच बोलले त्यांच्याशी. म्हणाले, रोज दोन्ही वेळा फोन येतो, सर फार आपुलकीनं विचारतात. ऑक्सिजन किती, ते काही सांगेनात. सरांनी लिहून घेतला तोच आकडा बरोबर, म्हणाले. पण सर, त्यांना एक वाक्य धड पूर्ण करता येत नव्हतं. आणि तुम्ही शहाण्णव लिहिलंय."

मी उठलो तशी खुर्ची मागे पडली. "मॅडम, ते माझे वडील आहेत," एवढंच मला बोलता आलं. सगळे फोन एकदम थांबले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही घरी जा. मी गाडी पाठवते."

पाच दिवसांत पहिल्यांदा मी त्या खोलीत शिरलो. बाबा पलंगाच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते. बनियन घामानं चिंब. मोबाइल उशीजवळ, चार्जरला लावलेला. शेजारी एक जुनी डायरी उघडी होती, तिच्यात पट्टीनं रकाने आखलेले. सकाळ, संध्याकाळ, ताप, ऑक्सिजन. सत्त्याण्णव, पंच्याण्णव, त्र्याण्णव असं करत शेवटचा आकडा एकोणनव्वद. अगदी कडेच्या रकान्यावर त्यांनी "कळवले" असं लिहिलं होतं, आणि तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

यवतमाळला अकरा दिवस त्यांना ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. ते वाचले. लोक नशीब म्हणतात, मीही मान डोलावतो. डॉक्टरबाईंनी माझ्याविरुद्ध कागदावर काही लिहिलं नाही, फक्त मला यादीवरून काढलं. लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी, ओसरीत बसून मी बाबांची नखं काढत होतो. हात थरथरायचे म्हणून त्यांना स्वतःला जमत नव्हतं. तेव्हा कुठं मला विचारायचं धाडस झालं.

"बाबा, मॅडमले खोटं काहून सांगितलं?"

"तुह्या नोकरीचा सवाल होता ना."

"अन् मले? मले तरी खरं सांगाचं होतं. मी रोज दारातून विचारत होतो ना."

त्यांनी हात काढून घेतला नाही. रस्त्याकडे बघत, न रागावता म्हणाले, "तू विचारत नव्हता बाबू. तू निघत होता." मग म्हणाले, "मले वाटे, फोन येईन तुहा. फोनवर तरी जरा बसून बोलशीन. लोकायसंगं बोलत होता तसा."

मी मान खाली घालून नखं काढत राहिलो. माफी मागायला हवी होती. तीही त्या दिवशी राहिली, आणि नंतर तर विषयच निघाला नाही.

आता मी रोज मधल्या सुट्टीत शाळेच्या ओट्यावर बसून त्यांना फोन करतो. एकही दिवस चुकवत नाही. पण गेल्या वर्षापासून त्यांना ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणलं, ते घुमतं म्हणून काढून ठेवतात. "बाबा, मी बोलून राह्यलो! कसं वाटते तुम्हाले?" मी ओरडतो, खेळणारी पोरं थांबून माझ्याकडे बघतात. तिकडून नुसतं "हॅलो, हॅलो" येत राहतं. मग ते माझ्या बायकोच्या हातात फोन देतात आणि तिला सांगतात, ते मला स्पष्ट ऐकू येतं.

"त्याचाच हाय. तिकडं रेंज नसन."