गुलाबशेठच्या तंबूचा भोंगा

सोनईच्या वाचनालयातले मास्तर महिनाभर माझ्या मागं लागलेत, "बबनराव, तंबू सिनेमाचे किस्से लिहून द्या." अरे, मी चौथी नापास! आणि किस्से कसले? दुसऱ्याला हसू येतं म्हणून त्याला किस्सा म्हणायचं. माझ्या डोक्याला तो ताप होता. पण ताप साठत गेला की त्याचंही पोतं भरतं. घ्या, ओततो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगंमागं मी गुलाबशेठच्या टुरिंग टॉकीजचा प्रचार करायचो. म्हणजे भिंतींना पोस्टरं डकवायची आणि छबूमामाच्या टांग्यात बसून भोंग्यावर ओरडायचं. गर्दी झाली तर पिक्चर चांगला, नाही झाली तर बबन्या नालायक! शेठचा कायदाच तो.

पण माझ्या आवाजावर सोनईचा विश्वास होता. बायका म्हणायच्या, "बबननं सांगितलं न्हवं? मग खरंच आसंल." माझी कमाई म्हणाल तर एवढीच.

*

पोस्टरला पिठाची खळ लागायची. एकदा खळ फासत होतो, तर समोरची सखूम्हातारी कडाडली, "मुडद्या, आमी रेशनच्या मिलोची भाकर खातोय आन् तू भितीला पीठ चारतोस व्हय!"

भिंतीला कुठलं मिळतंय! चारा नव्हताच. सकाळपर्यंत शेळ्यांनी खळीसकट पोस्टर खाल्लं. हिरोची नुसती टोपी उरली.

शेठ म्हणाला, "वर लाव."

शिडी आणून पार वर लावलं. तर म्हणतो, "एवढ्या उंच कोण वाचणार? घारी?"

*

टांग्याचं घोडं लग्नातलं. नवरदेवाला मारुतीला न्यायची त्याला सवय. मी भोंग्यावर रेकॉर्ड लावली की निघालं थेट मारुतीच्या देवळाकडं! बाजारपेठ राहिली बाजूला, रोजची जाहिरात देवापुढं.

"मामा, लगाम वढा की!"

"वढून काय व्हतंय? त्याला वाटतंय तूच नवरदेव!"

शेठनं विचारलं, "बाजारात का नाही गेलास?" म्हटलं, "घोड्याला विचारा." झालं, आठवडाभर माझा चहा बंद!

*

देवाचा पिक्चर असला की बायका चपला तंबूबाहेर काढायच्या, पडद्यापुढं नारळ फोडायच्या. एकदा नगरहून एस्टीनं रिळांचे डबे आले ते चुकीचेच. इकडं आरती झाली, नारळ फुटला, आणि पडद्यावर घोड्यावरून दरोडेखोर!

म्हटलं, आता मार बसतोय. पण बायका हात जोडून शेवटपर्यंत बसल्या. बबननं देव सांगितलाय म्हणजे देवच! निघताना सखूम्हातारी म्हणाली, "बबन, देव लई चिडल्याला हुता रं ह्या खेपेला."

त्याच्यापेक्षा शेठ जास्त चिडला. "तू देव म्हणालासच कशाला?" आता पोस्टरावर देवच होता, काय माझा फोटो होता?

*

आणि एकदा शेठ म्हणाला, "उद्या पिक्चरची नटी स्वतः तंबूत येणार. भोंग्यावर सांग."

मी तीनदा विचारलं, "शेठ, नक्की?"

"आईशप्पथ!"

मग काय, आसपासची सगळी गावं पालथी घातली. घसा बसेपर्यंत ओरडलो. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं खाडा करून आली. सखूम्हातारी तर नटीची ओटी भरायला खण-नारळ घेऊन आली.

दिवस मावळला. नटीचा पत्ता नाही. शेठनं तिला बोलावलंच नव्हतं! लोकांनी तंबूचे दोर धरले. "बबन कुठाय?"

मी खरं सांगायला माईक उचलला, तर शेठनं तो हिसकावला आणि भोंग्यावर ओरडला, "मंडळी, मला काही माहीत नाही! हा बबन्या पिऊन बोलला!"

माझ्या गळ्यात तुळशीची माळ. तीन आळ्या पलीकडं माझ्या बायकोनं ते चुलीपुढं बसून ऐकलं.

सखूम्हातारीनं ओटीचा नारळ माझ्या हातात ठेवला आणि निघून गेली.

चार दिवसांनी शेठ घरी आला. "बबन, त्या दिवशीचं जरा…"

म्हटलं, "शेठ, इथं घरात नको. जिथनं बोललात, तिथनंच बोला."

गेला तो आजतागायत आला नाही. आता श्रीरामपुरात असतो म्हणे, नव्वदीला टेकलाय. भोंगा मी परत दिलेला नाही. माळ्यावर आहे, दर दिवाळीला पुसतो. बॅटरी आणायचं मास्तरांनी कबूल केलंय.

तेवढं यायचं बघा, गुलाबशेठ!