अण्णांची नाडी

या ग्रुपवरचे असले अनुभव मी आजवर जेवता जेवता, हसत वाचत आलोय. भूतखेत, चकवा, अंगात येणं... कशावरच विश्वास नाही. कसा असणार? केमिस्ट्रीचा माणूस मी. कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाचा रस तपासायचो. तिथली शिस्त एकच – रीडिंग विचित्र आलं की घाबरायचं नाही, भांडी धुवायची, उपकरण पुसायचं आणि पुन्हा रीडिंग घ्यायचं. चूक बहुतेक आपलीच निघते.

यंदा मी नर्सिंगच्या मास्टर्सला प्रवेश घेतला, परदेशातल्या एका विद्यापीठात. हा कोर्स खास दुसऱ्या विषयांच्या पदवीधरांसाठी आहे. कॉमर्सवाले, इंजिनियर, माझ्यासारखे केमिस्ट, सगळ्यांना कमी वेळात भराभर शिकवून नर्स करतात. पहिलं सत्र घरून ऑनलाइन, मग तिकडे जायचं. पाहुण्यांनी टर उडवली, “शिकून शिकून नर्सबाई व्हनार व्हय रं?” बाजू घेतली ती फक्त अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी. “सुई बाईनं टोचली काय न् बाप्यानं टोचली काय, दुखायचं त्येवढंच दुखतंय!” काकू मागेच वारल्या, मूलबाळ नाही, त्यामुळे अण्णा आमच्यातच राहायचे. माझ्यावर त्यांचा भारी जीव.

एकदा व्हिडिओवर असाइनमेंट द्यायची होती – घरातल्यांची नाडी मोजून दाखवा. दुपारची जेवणं झाल्यावर सगळ्यांना ओसरीवर बसवलं. आईची लागली, दादांची म्हणजे वडिलांचीही लगेच लागली. मग अण्णांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली... काहीच नाही.

“अण्णा, तुमची नाडीच लागत नाही.”

“मंग मेलो आसंल म्या. आत्ता चार भाकरी कोन खाऊन गेलं?”

सगळे हसले, मीही हसलो. मग लॅबच्या सवयीने हात धुतले, पुसले, चोळून गरम केले आणि पुन्हा बघितलं. दुसरा हात बघितला, मान बघितली. काहीच नाही! बोटाला लावायच्या मशीनवर मात्र आकडा अगदी नॉर्मल. दादांनी मनगट धरलं, “ही काय, उडतीय की चांगली.” ऑनलाइन शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, नवशिके फार जोरात दाबतात, होतं असं.

तरी मला चैन पडेना. अण्णांना कोपरगावात डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी, सोनोग्राफी, सगळं चांगलं निघालं. येताना अण्णांनी स्टँडवर भेळ खाल्ली आणि हात पुढे केला, “बघ आता. डाक्टरनी दुरुस्त केली आसंल.”

नव्हती लागत. मी “लागली” म्हटलं, तर किती खूश झाले!

त्याच आठवड्यात, सकाळी ओट्यावर चहा पिताना अण्णा एका अंगावर कलंडले. शिकलो होतो ते सगळं केलं. दवाखान्यात पोचेपर्यंत गाडीत छाती दाबत होतो. तिथे डॉक्टरांनीही बरेच प्रयत्न केले, मग थांबले. मशीनवर सरळ रेघ.

मी अण्णांचा हात हातात घेतला आणि बोटांखाली नाडी लागली. स्पष्ट.

मी ओरडलो. माझ्यासाठी म्हणून डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली, वायरी काढून नव्याने लावल्या. रेघ सरळच. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ती तुमच्या स्वतःच्या बोटांतली नाडी आहे. नव्या माणसाला फसवते ती.” हे पुस्तकात मीही वाचलंय हो! पण माझं काळीज तेव्हा नुसतं धडधडत होतं. बोटांखाली जे लागत होतं ते संथ होतं, पोटभर जेवून आडव्या झालेल्या माणसाचं असतं तसं.

अग्नी मीच द्यायचा होता. गोदावरीच्या काठावर शेवटचं पाणी तोंडात घालताना मी पुन्हा मनगट धरलं. तशीच चालली होती.

“दादा, लागतीय अजून.”

दादांनी दुसरा हात धरला. डोळे मिटून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. सख्खा भाऊ त्यांचा. नाडी लागावी असं त्यांनाही वाटतच असणार. मग हुंदका आला, “न्हाई रं बाळा. न्हाई. सोड हात. लोकं थांबल्याती.”

कुणाला सांगणार? डॉक्टर एक सांगतात, मशीन तेच सांगतं, बापही तेच सांगतो. दुसरं सांगणारी फक्त माझी दोन बोटं. मी हात सोडला आणि अग्नी दिला.

कोर्स चालू आहे. बाकी कुणाची नाडी मोजताना आजवर चूक झालेली नाही, मॅडमनी पासही केलंय. परवा आईने सहज हात पुढे केला, “माझी बघ बरं.” मी नुसता तिचा तळवा धरून बसलो, मनगटाकडे बोटं नेली नाहीत.

तुमच्यात कुणी डॉक्टर असतील तर सांगा. मला काहीच उलगडलेलं नाही. ती नाडी माझी असेल, तर इतकी संथ कशी? आणि अण्णांची असेल, तर मी कुणाला पेटवून आलो?