विमान दाखवणारे अप्पा

"बरतद, बरतद," असं म्हणत अप्पा डावा तळहात कपाळाला लावायचे आणि डोळे बारीक करून वर बघायचे. वर आभाळ असायलाच हवं असं नव्हतं. सात रस्त्याजवळच्या आमच्या कचेरीत वर कौलं होती, कौलांखाली पारवे होते आणि पारव्यांखाली आम्ही. बरतद म्हणजे कानडीत येतंय. नळाला पाणी कधी येणार? बरतद. पंखा कधी बसणार? बरतद. माझ्या टाइपरायटरचा एक खिळा तुटला होता, तो दुरुस्त करायला माणूस येणार होता. "बरतद बाई, बरतद," असं ऐकत मी कितीतरी पत्रं त्या अक्षरावाचून टाइप केली आणि मग ते अक्षर हातानं काढलं.

अप्पा आमचे हेडक्लार्क. पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि खिशात कायम भाजलेल्या शेंगा. घरी कानडी, कचेरीत मराठी आणि साहेबांपुढे फक्त मान हलवणं, अशा तीन भाषा त्यांना येत. असा एक तरी अप्पा तुमच्याही कचेरीत होऊन गेला असेल. आमच्या अप्पांना मात्र विमानाचं वेड होतं, आणि सोलापुरात विमानाचं वेड असणं म्हणजे उपाशी राहण्याची हौस असण्यासारखं होतं.

होटगी रस्त्यावर विमानतळ होतं, नाही असं नाही. एक लांब पट्टी, तारेचं कुंपण, वारा भरणारी एक पट्ट्यापट्ट्यांची पिशवी, आणि बाकी शेळ्या. पण ती दुष्काळाची वर्षं होती, कामं बघायला मंत्र्यांची ये-जा वाढली होती. मंत्री येणार म्हटलं की सगळी कचेरी घामाघूम होऊन फायलींच्या मागे लागायची. अप्पा तेवढे शांतपणे विचारायचे, "मोटारीनं का विमानानं?" मोटारीनं म्हटलं की त्यांचा मंत्र्यातला रस संपायचा.

विमान रविवारी येणार असलं की अप्पा सगळं घर घेऊन निघत. घर म्हणजे काकू आणि मुलगी महानंदा. एकदा मलाही बोलावलं. मी एकटी खोली घेऊन राहत होते आणि रविवारचा मला कंटाळाच यायचा, म्हणून गेले. टांग्यात काकूंनी माझ्या मांडीवर गाठोडं ठेवलं. त्यात कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि कांदे होते. काकू म्हणाल्या, "विमान दिसंल न दिसंल, भाकरी तर दिसंल की."

महानंदा माझ्याच वयाची. मॅट्रिक झालेली, गोड आवाजाची आणि उंच. उंच म्हणजे चांगलीच उंच. अप्पांपेक्षा, माझ्यापेक्षा आणि तिला बघायला येऊन गेलेल्या बहुतेक मुलांपेक्षा उंच. येणारे पोहे खायचे, आवाजाचं कौतुक करायचे, मग ती उभी राहिली की एकमेकांकडे बघायचे. चार दिवसांनी निरोप यायचा, पत्रिका जमत नाही. असं होता होता ती वाकून चालायला लागली. खांदे आत, मान पुढे, नजर पायाच्या अंगठ्यावर. पाणी भरून आणणाऱ्या बायकासुद्धा तिच्यापेक्षा ताठ चालायच्या. टांग्यातून उतरली तेव्हा मला वाटलं, हिचं काही हरवलंय आणि ती ते मातीत शोधते आहे.

आम्ही कुंपणाशी सतरंजी टाकून बसलो. ऊन तापलं. राखणदार शेळ्या हाकलून दमला, शेळ्या दमल्या नाहीत. "बरतद, बरतद," अप्पांचं चालूच होतं. आणि खरंच आलं की हो! आधी आवाज आला, मग कुंभारी गावाच्या अंगानं चांदीच्या चमच्याएवढं काहीतरी चकाकलं. आम्ही सगळे उभे राहिलो. मी तोंड उघडं टाकून बघत होते. मध्येच शेजारी नजर गेली तर महानंदा सरळ उभी. मान वर, खांदे मागे, पदर वाऱ्यावर. इतकी देखणी बाई माझ्या शेजारी उभी आहे हे मला तोवर कळलंच नव्हतं.

अप्पा विमानाकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

माझ्या लक्षात आलं हे त्यांच्या लक्षात आलं. जरा ओशाळून हसले आणि हळूच म्हणाले, "विमान बघताना वाकता येत न्हाई, बाई."

म्हणजे वेड विमानाचं नव्हतंच. विमान उतरलं, कुणी खादीवाला उतरून मोटारीत बसला, आणि महानंदा पुन्हा हळूहळू मिटत गेली. अप्पांनी शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवल्या. त्यानंतर कचेरीत विमानावरून त्यांची थट्टा झाली की मला राग यायचा, पण अप्पांना तो यायचा नाही. त्यांना वेडा म्हणवून घेणं सोयीचं होतं.

मग एक स्थळ आलं. अक्कलकोटकडचं, कापडाचं दुकान, मुलगा एकुलता. फोटो बघून पसंती कळवलेली, पत्रिका आधीच जमवून घेतलेली. काकू हरखून गेल्या. "ह्ये जमलं तर मी सिद्धेश्वराला अनवाणी जाईन," म्हणाल्या. हे हातचं गेलं तर पुढे विचारणारं कुणी नाही, असं त्या घरात सगळेच धरून चालले होते. धाकट्या चुलतबहिणींची लग्नं होऊन गेली होती आणि महानंदाला लोक आता नुसतं बघायचे, विचारायचे नाहीत.

काकूंनी बेत केला. महानंदानं उभं राहायचंच नाही. पाहुणे यायच्या आधीच तिला चटईवर बसवायचं, चहा आणि चुरमुऱ्यांचा सुसला मी आणायचा, नमस्कारसुद्धा बसल्या बसल्या. "एकदा सुपारी फुटली की मग किती का उंच हुईना," असं त्यांचं म्हणणं. मी हसले, पण पदर खोचून कामाला लागले. मैत्रीण म्हणून शेजारी बसायलाही मीच होते.

सगळं बेताप्रमाणे चाललं. मुलगा, त्याची आई आणि मामा आले. मुलगा बुटका होता, पण हसरा आणि साधा. त्यानं महानंदाला विचारलं, "तुम्ही गाता का?" ती लाजून नाही म्हणाली. त्याच्या आईनं दोनदा सुसला घेतला. काकूंचा चेहरा खुलत चालला होता. एवढ्यात मामा म्हणाले, "काय हो, तुमच्या गावात आज इमान उतरणार म्हणं? टांगेवाला सांगत हुता."

काकूंनी अप्पांकडे बघितलं. मीही बघितलं. अप्पांनी नाही म्हणायचं होतं, एवढंच काम होतं त्यांना. पण त्यांचा डावा तळहात कपाळाकडे गेलाच. "व्हय की, बरतद. चला की, बघून येऊ."

तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं ते. पण पाहुणे कधीच उठून चपला शोधायला लागले होते.

टांग्यांत चढताना-उतरताना काकूंनी महानंदाला असं काही झाकून नेलं की बंदोबस्तवाल्यांनी शिकावं. कुंपणापाशी पुन्हा सतरंजी, पुन्हा ती बसलेली. पाहुणे खूश. मामांनी त्या पट्ट्यापट्ट्यांच्या पिशवीबद्दल राखणदाराला इतकं विचारलं की तो शेळ्यांकडे निघून गेला. मग आवाज आला. सगळे उठले आणि महानंदाही उठली. तिला कुणी अडवणार तरी कसं? ती विमानच बघत होती, बाकीचं ती विसरूनच गेली होती. मान वर, खांदे मागे. शेजारी तो मुलगा तिच्या कानाच्या पाळीपर्यंत येत होता आणि लहान पोरासारखा हसत वर बघत होता. त्याला काहीच दिसलं नाही. त्याच्या आईला दिसलं.

विमान पट्टीवर धडधडत आलं. काकू महानंदाच्या मागे सरकल्या आणि कानडीत म्हणाल्या, "बग्ग, स्वल्प बग्ग." म्हणजे वाक, थोडी वाक. आवाजात ऐकू जाईना, म्हणून त्यांनी जोर केला. पाहुणे घरात आपल्यासारखंच कानडी बोलतात हे त्या घाईत त्या विसरल्या. आणि नेमकं तेव्हाच विमानाचं यंत्र बंद झालं. त्या उघड्या माळावर "बग्ग!" एवढंच मोठ्यानं ऐकू आलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. महानंदाच्या तोंडावरचं सगळं एका क्षणात गेलं. खांदे आत यायला लागले, मान पुढे झुकायला लागली. मुलाच्या आईची नजर तिला पायापासून डोक्यापर्यंत मोजत चालली होती. अजून सावरता आलं असतं. ती वाकली असती, काकू हसून काहीतरी बोलल्या असत्या, त्या माउलीनंही कदाचित मन मोठं केलं असतं.

"बग्गब्याड अव्वा," अप्पा म्हणाले. "नेट्टग निंद्रु."

मला कानडी येत नव्हतं, तरी कळलं. वाकू नको बाळा. ताठ उभी राहा. अव्वा म्हणजे आई, पण लाडानं लेकीलाही म्हणतात. हेडक्लार्कचा तो आवाज आम्ही कचेरीत कधी ऐकला नव्हता. महानंदा थांबली. मग सावकाश, एकेक मणका लावत असल्यासारखी, ती ताठ उभी राहिली. मुलाची आई म्हणाली, "पोरगी लई उंच हाय की."

"व्हय," अप्पा म्हणाले. "हाय."

परतीच्या टांग्यात काकू बाहेर तोंड करून रडत होत्या. आठवड्यानं निरोप आला, पत्रिका जमत नाही. जमलेली पत्रिका कशी बिघडली असं विचारायची पद्धत नसते.

त्यानंतर अप्पा बदलले. मंत्री मोटारीनं येणार का विमानानं, हे विचारायचं त्यांनी सोडलं. दुपारी चहा पिताना एकदम म्हणायचे, "चुकलं का हो माझं?" कधी मला, कधी शिपायाला, एकदा तर बदलून आलेल्या नव्या कारकुनाला, ज्याला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मी म्हणायचे, "नाही अप्पा." मला खरंच तसं वाटायचं. पण लग्न मोडलं होतं त्यांच्या मुलीचं, आणि माझ्या वाटण्यानं त्यांचं काय भागणार? ते मान हलवायचे आणि शेंगा सोलायला घ्यायचे. पुढे कुणी स्थळ आलं नाही. महानंदा कुंभारीच्या शाळेत शिकवायला लागली. आणि एका सकाळी निरोप आला की अप्पा झोपेतच गेले.

त्यांच्या खुर्चीवर दुसरे बसले. चांगले होते, विचारलेल्याचं लगेच उत्तर द्यायचे. मला ते फार दिवस आवडले नाहीत.

काही महिन्यांनी मी महानंदाला भेटायला गेले. शाळा सुटली होती. ती पोरांच्या घोळक्यातून येताना लांबूनच दिसली. आम्ही चहा प्यालो, काकूंच्या गुडघ्यांचं बोललो. मग माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, "अप्पा शेवटपर्यंत विचारत होते गं, चुकलं का माझं म्हणून. आम्हा सगळ्यांना विचारायचे. तुला काय म्हणायचे?"

तिनं कप बशीत ठेवला.

"मला कधीच न्हाई विचारलं, ताई. भीत असतील. मी वाट बघायची, आज विचारतील, उद्या विचारतील. मी सांगितलं असतं की."

"काय सांगितलं असतंस?"

"लग्न झालं असतं तर बरं झालं असतं का, ते मला ठाऊक न्हाई. मुलगा चांगला होता. पण वाकून वाकून माझी मान लई दुखायची. रात्री अव्वा तेल लावायची. त्या दिवसापासनं न्हाई दुखली," महानंदा म्हणाली. "तेवढंच सांगायचं होतं त्यांना."