फॅमिलीतला माणूस

वाशीमच्या एका शिकवणी वर्गात मी इंग्रजी शिकवतो. पोरांना डुलकी लागू नये म्हणून अधूनमधून एखाद्या शब्दाचं मूळ सांगतो. मसल म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर. दंडात सुळकन पळतो ना, म्हणून. पोरं खिदळतात. एक दिवस शिकवायला म्हणून 'फॅमिली' शब्द काढला आणि मीच मध्ये अडकलो. मूळ लॅटिन शब्द 'फॅम्युलस', म्हणजे घरगडी. मालकाच्या घरच्या गुलामांचा सगळा जथा, ती 'फॅमिलिया'. बायको-पोरं त्या शब्दात मागाहून शिरली.

माझे वडील रिठदला सालगडी. दर पाडव्याला नवं साल ठरतं, आणि दर पाडव्याला मालक म्हणतात, "तू काय गडी हायेस का? तू तं आमच्या फॅमिलीतला." वडिलांना येणारं इंग्रजी एवढंच, पण त्याचा तोरा केवढा! गुडघे पार गेले, तरी वाशीमला माझ्याकडे येत नाहीत. "फॅमिली सोडून येऊ कसा?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी कोण मग, शेजारी?

यंदा पाडव्याच्या तोंडावर मालकांच्या मुलाचं लग्न निघालं. मीही गेलो. अक्षता पडल्या आणि फोटोवाला ओरडला, "फक्त फॅमिलीवाले या!" वडील नवं धोतर सावरत स्टेजवर चढले. मालक हसतच म्हणाले, "अरे, तू कुठी चढला? जाय, बैलाईले पानी दाखव."

भर मांडवात. वडील एक एक पायरी धरून उतरले.

गोठ्यात गाठून मी त्यांना त्या शब्दाची सगळी जन्मकथा ऐकवली. वाटलं, आता तरी पेटतील, आजच गाठोडं बांधतील.

त्यांनी बादली खाली ठेवली. "म्हंजे त्याचा अर्थ गडीच हाये?"

"हो बाबा. पहिल्यापासून."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग मालक खोटं नाही बोलले. मले उगाच वाटलं, इतके वर्स फसवून राह्यले."

ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"पाडव्याच्या आधी गुडघ्याचं औषध आनजो," ते म्हणाले. "साल धराचं हाये."