शिबिरातून पळालेले मामा

लिफ्ट दुरुस्तीच्या खात्यात त्यांना सगळे मामा म्हणत, आणि पाठीमागे भिंगरीमामा. हा माणूस एका जागी बसलेला कुणी पाहिलाच नव्हता. कुठे लिफ्ट अडकली की फोन यायचा आणि मामा ताटावरून उठून जिन्याने खाली धावायचे. स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट ते वापरत नसत. का, तर ती येईपर्यंत थांबावं लागतं. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. मामी घरी शिवणकाम करायच्या. त्यांचं मशीन खिडकीशी होतं, कारण तिथून रस्ता दिसायचा.

मामा निवृत्त झाले तसा फोन थांबला. मामा काही थांबले नाहीत. सकाळी बिजागऱ्यांना तेल, दुपारी धडधाकट नळ खोलून पुन्हा बसवणं. एकदा मामींचं चांगलं चालतं शिलाई मशीन त्यांनी "जरा आवाज करतंय" म्हणून उघडलं. त्यातली एक स्प्रिंग टुणकन कुठे उडाली ती सापडलीच नाही. मामींनी तेव्हा हात टेकले.

लेकीने त्यांना एका शिबिराबद्दल सांगितलं होतं. शहराबाहेर नदीकाठच्या माळावर आठवडाभर तंबूत राहायचं आणि पूर्वीची माणसं हातांनी जे करत ते शिकायचं. लाकडावर लाकूड घासून विस्तव पाडणं, सालींचे दोर वळणं, मातीची भांडी घडवणं, रानातला खाण्याजोगा पाला ओळखणं. मामींनी आधी दोघांची नावं घातली आणि मग मामांना सांगितलं.

"अगं, पण घरात लायटर आहे ना?" मामा म्हणाले.

"आहे. शिलाई मशीनही होतं."

मामा मुकाट्याने बॅग भरायला लागले.

शिबिरात पहिल्याच तासाला सगळ्यांचे फोन एका पेटीत गेले. मामांचा हात दिवसभर रिकाम्या खिशाकडे जात राहिला. विस्तव शिकवणाऱ्या बाई सडपातळ, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी काठी तळहातांत धरून फळीच्या खाचेत कशी घुसळायची ते दाखवलं. मामांनी असा सपाटा लावला की लगेच धूर आला. धूर आला की मामा थांबून खाचेत डोकवायचे, आणि तेवढ्यात सगळं गार.

"धूर दिसला तरी थांबू नका," बाई म्हणाल्या. "आणि इतकं जोरातही नको."

"याला एक पुली लावली ना, तर चुटकीसरशी होईल."

"होईल की. पण एकदा हाताने होऊ दे."

हाताने काही झालं नाही. तळव्यांना फोड तेवढे आले. मग मामा दोर वळणाऱ्यांकडे गेले, तिथून टोपल्या विणणाऱ्यांकडे, तिथून पाला गोळा करणाऱ्यांकडे. प्रत्येक ठिकाणी त्यांची एक अर्धवट वस्तू पडली होती. मामी मात्र कोपरापर्यंत चिखलात माखून, कुंभारकाम शिकवणाऱ्या दादांसमोर बसल्या होत्या, त्या तिथून हलल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

"मला नाही जमत हे. चल, घरी जाऊ."

मामी एक वाडगं घडवत होत्या. त्याच्या काठावर त्यांनी सुईने टाक्यांसारखी नक्षी काढली होती. मान वर न करता त्या म्हणाल्या, "जा तुम्ही. मी शिबिर संपलं की येते."

"एकटी?"

"इथे माणसं आहेत की एवढी."

बसमध्ये मामांना राहून राहून वाटत होतं की काहीतरी विसरलंय. घरी आल्यावर त्यांनी पंखे पुसले. पुसलेले पंखे पुन्हा पुसले. संध्याकाळी ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. मग ते मामींच्या स्टुलावर जाऊन बसले. खाली रस्त्यावर माणसं घराकडे परतत होती. त्यात मामी नाहीत हे माहीत असूनही मामा एकेक चेहरा निरखत राहिले. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी परतीची बस पकडली.

माळावर पोहोचले तर मामी नव्हत्या. त्या पाला गोळा करायला सगळ्यांबरोबर नदीपलीकडे गेल्या होत्या. कुंभारदादा एकटे, भांडी भाजायला खणलेल्या आळ्यात विस्तव करून बसले होते. विस्तवाभोवती, बऱ्यापैकी लांब, वाळलेली भांडी गोलात मांडलेली.

"बरं झालं आलात," दादा म्हणाले. "मी लाकडं घेऊन येतो. तोवर नुसती नजर ठेवा. भांडी हळूहळू तापू द्यायची. आत ओल असते."

मामांनी थोडा वेळ नजर ठेवली. मग आळ्याभोवती चकरा मारल्या. टाक्यांची नक्षी असलेलं वाडगं त्यांनी ओळखलं. मनात आलं, ती येईल तेव्हा निदान आपल्या घरचं भांडं तरी तयार असावं. काठीने त्यांनी ते विस्तवाला अगदी भिडवलं आणि वर दोन जाड फाटे टाकले.

फाट् करून आवाज झाला. खापऱ्या मामांच्या पायाशी येऊन पडल्या.

मामी परत आल्या तेव्हा मामा खापऱ्या हातात घेऊनच उभे होते. लपवाछपवी त्यांना कधी जमली नव्हती.

"मी पुढे सरकवलं. लवकर व्हावं म्हणून."

मामी खाली बसल्या. एक खापरी घेऊन तिच्यावरचे टाके बोटाने चाचपत राहिल्या.

"आजवर जे शिवलं ते दुसऱ्यांच्या मापाचं," त्या म्हणाल्या. "हे एक माझ्या मनाचं केलं होतं." आणि मग, "आलात कशाला परत?"

"घरी करमेना."

"दोन दिवस करमलं नाही तुम्हाला." मामींचा आवाज चढला, तसे आसपासचे लोक हळूच पांगले. "मला किती वर्षं करमत नव्हतं, विचारलंत कधी? मी कुठे पळून गेले?"

मामांनी हातातल्या खापऱ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्या दिवशी मामी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. जेवायलाही दुसऱ्या घोळक्यात बसल्या.

शेवटच्या दिवशी मामी पुन्हा माती घेऊन बसल्या. आता भांडं वाळवून भाजायला वेळ उरला नव्हता, पण त्या बसल्या. मामा लांबून घुटमळत जवळ आले.

"मी काय करू?"

"खडे वेचा."

मामा मातीतले खडे वेचू लागले. मध्येच उठले, दोन पावलं चालून परत बसले. "झालं का?" असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मामींना ते दिसलं. त्या हसल्या नाहीत, पण मातीचा आणखी एक गोळा त्यांच्यापुढे सरकवला. ते कच्चं भांडं घरी येताना बसमध्ये एका खड्ड्यापाशी चेपलं. दोघांनी एकदमच "अरेरे" केलं.

आता दर आठवड्याला एका संध्याकाळी मामी कुंभारदादांच्या शहरातल्या कारखान्यात शिकायला जातात. परवा लेकीने फोनवर विचारलं, "काय गं, बाबा झाले का शांत?"

"शांत कसले होतायत! मी निघाले की घरात येरझाऱ्या सुरू. माझी यायची वेळ झाली की बसस्टॉपवर येऊन उभे राहतात. उभे म्हणजे काय, तिथेही येरझाऱ्याच. परवा फळवाल्याने विचारलं, काका, काही हरवलंय का? तर म्हणे, नाही, बायको यायचीय."