पायाची मान

मुलीची जपानीची परीक्षा होती. इथे परदेशात, पोरिरुआतल्या आमच्या घरी, रविवारी दुपारी, मी शब्दांच्या चिठ्ठ्या तिच्यासमोर धरत होते.

"'ते' म्हणजे हात, 'कामी' म्हणजे कागद. जोडले की तेगामी, पत्र." पंधरा वर्षांची ती मला शिकवत होती, अर्थात इंग्रजीत. जोडताना दुसरा शब्द मऊ होतो म्हणे, 'का'चा 'गा'. मेगुसुरी, डोळा आणि औषध. म्हणजे डोळ्यांत घालायचे थेंब. ते थेंब मी फार्मसीत रोज देते, म्हणून तेवढा लक्षात राहिला. आशीकुबी, पाय आणि मान. म्हणजे घोटा.

"मराठीत असतात असे?"

"असतात की. डोकेदुखी, पायवाट…"

"तोंडपाठ," ती मराठीत म्हणाली.

"हा कुठून आला?"

"आजी म्हणते ना फोनवर. तुझ्या मावसबहिणीला सगळं तोंडपाठ, आणि तू मडम!"

आजीची नक्कल हुबेहूब होती. मला हसू आलं नाही.

ती चार वर्षांची असताना किंडीतल्या, म्हणजे इथल्या बालवाडीतल्या, टीचर सहज म्हणाल्या होत्या, जरा कमी बोलते. मी इतकी घाबरले की घरात मराठी बंद केली. ती मराठीत काही मागायला लागली की मी ऐकू न आल्यासारखं करायचे. तिनं इंग्रजीत मागितलं की लगेच द्यायचे. महिन्याभरात तिचं मराठी बोलणं थांबलं. पुण्याला आईनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "तीच बोलत नाही गं. हट्टी आहे." तेव्हापासून आई तिला टोमणे मारत आली आणि मी ऐकत बसले.

चिठ्ठ्या खाली ठेवून हे सगळं मी तिला सांगितलं. ती चिठ्ठीचा कोपरा दुमडत राहिली.

"हट्टी म्हणालीस ते माहीत आहे. मी शेजारीच होते, ममा. मला वाटायचं, असेनच मी तशी."

मग म्हणाली, "आजीला सांग. आज."

आमची दुपार म्हणजे पुण्यातला सकाळचा चहा. आई घोटा मुरगळून पलंगावर होती. फोन स्पीकरवर ठेवून मी बोलले.

"म्हणजे इतकी वर्षं मी पोरीला उगाच बोलत होते?"

"हो."

"आणि तू बोलू दिलंस."

"हो, आई."

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "फोन तिला दे. तुझ्याशी मागाहून बोलते."

मुलीनं फोन हातात घेतला. ओठ हलले, शब्द येईना. माझ्याकडे बघितलं. मी सांगणार होते, पण गप्प राहिले.

"आजी, तुझी… पायाची मान दुखते?"

आई म्हणाली, "दुखते गं राणी. फार दुखते. घोटा म्हणतात त्याला. म्हण बघू."

"गोटा."

"घो. पोटातून. घोटा."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. बाहेरच्या खोलीतून दोघींचा घोटा, घोटा चालला होता.