रानाचं डोहाळजेवण

आमच्या सरूकाकूला गप्प बसवणारा माणूस कन्नड तालुक्यात अजून जन्माला यायचाय. बन्सीकाकांनी लग्नानंतर वर्षभर प्रयत्न केला आणि मग नाद सोडला.

मक्यावर मका घेऊन त्यांचं रस्त्याकडेचं रान पार थकलं होतं. काकांनी ते धाब्याला द्यायचं ठरवलं. सुदर्शनशेठ तिथं स्लॅब टाकणार होता. काकू म्हणाली, एक हंगाम माझ्या हातात द्या, रान उठलं नाही तर खुशाल धाबा बांधा.

तिनं मक्याच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ धरली आणि मधल्या जागेत ताग पेरला. मका अधाशी, तूर मुळांतून जमिनीला परत देणारी. ताग मात्र फुलावर येताच कापून मातीत गाडायचा, त्याचंच खत होतं. उशीर केला की खोड निबर होतं आणि कुजत नाही.

घोळ घातला काकांनी. श्रावणात ताग पिवळाधमक फुलला आणि काका त्याच्या प्रेमातच पडले. रस्त्यावर गाड्या थांबायला लागल्या, शहरातल्या पोरी फोटो काढायला लागल्या, आणि प्रत्येक फोटोत मधोमध इस्त्रीच्या धोतरात आमचे काका! काकूनं विळा काढला की हे बांधावर आडवे. फुललेलं पीक गाडणं पाप आहे म्हणायचे. काकू भांडली, रुसली, दोन दिवस अळणी कालवण वाढलं. गडी हलेना. इकडं खोडं निबर व्हायला लागली आणि काकूची झोप उडाली.

मग तिनं गावभर सांगावा धाडला, शुक्रवारी आमच्या रानाचं डोहाळजेवण आहे, येताना विळे आणा. मला वाटलं, काकूच्या डोक्यावर परिणाम झाला. पण बाया नटूनथटून आल्या. बांधावर खणानारळानं ओटी भरली, हिरव्या बांगड्या वाहिल्या, गाणी म्हटली. हसता हसता भागूबाई तर चिखलातच बसली.

काकूनं काकांना पुढं बोलावलं आणि रानाकडं बोट दाखवलं. "इचारा तिला, काय खावं वाटतंय."

काका बावरले. पोटुशीचे डोहाळे अडवायची छाती आमच्या गावात कुणा पुरुषाची नाही, तेही इतक्या बायांसमोर.

"काय म्हणती?" त्यांनी काकूलाच हळूच विचारलं.

"ताग मागती."

काका फुलांकडं बघत राहिले. खरं सांगते, मला त्यांची फार दया आली. मग त्यांनी भागूबाईच्या हातातला विळा घेतला आणि पहिला ताग स्वतः कापला. मागून बाया तुटून पडल्या. कापलेला ताग ओळींमध्ये अंथरायचा आणि काकांनी वरून कोळप्यानं माती ओढायची, असं सुरू झालं. काका एका हातानं डोळे पुसत होते, पण तोंडात लाडू होता.

तेवढ्यात सुदर्शनशेठ मोजायची टेप घेऊन मोटारसायकलवरून उतरला आणि पाया कुठून धरायचा म्हणून विचारू लागला.

काकांनी कोळपं थांबवलं.

"शेठ, पोटुशी बाईच्या अंगावर कुणी सिमेंट ओततं व्हय?"

काकूला त्या दिवशी पहिल्यांदा बोलायला काही सुचलं नाही. शेठनं टेप खिशात घातली आणि बायांनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.